एका मुलापुरती गाडी

आजोबांचा तळवा नव्या गाडीच्या हौद्यावर टेकलेला होता आणि कॉफी निवत चालली होती. बाहेर लाकूड मऊ करायच्या वाफेच्या पेटीतून मधूनच एक लांब सुस्कारा सुटे, आणि मग पुन्हा तीच शांतता, ओल्या लाकडासारखी जड, आमच्या चौघांच्या मध्ये येऊन बसे. माझे वडील कपात चमचा फिरवत होते. त्यांच्या कपात साखर कधीच नसायची.

सकाळच्या कॉफीला कारखाना थांबायचा. कामगार अंगणात जाऊन बसत आणि घरची माणसं आत, रंध्याच्या कामाच्या टेबलाच्या टोकाशी. त्या दिवशी टेबलावर नमुन्याची गाडी ठेवली होती, मुलांनी ओढत खेळायची लाकडी गाडी. तांबडा रंग, पिवळी रेघ, बाजूला आमचं नाव, सगळं नेहमीसारखं. आजोबांनी हौद्याच्या पुढच्या फळीवर हात ठेवला आणि तो सावकाश मागे नेला, जनावराच्या पाठीवरून न्यावा तसा. मागची फळी जिथे लागायला हवी होती तिथे लागली नाही. ती आणखी चार बोटं पलीकडे होती. हात जुन्या जागीच थांबला आणि तिथून हललाच नाही.

"बोला रे कुणीतरी," आजी म्हणाली. तिला आम्ही आमच्याकडच्या नॉर्वेजियन रीतीने बेस्ता म्हणायचो. "नाहीतर मी दुसरी किटली चढवते. निदान पाणी तरी आवाज करील."

आजोबांनी हात काढून घेतला. "ही आपली नाही," ते म्हणाले.

"आपलीच आहे, बाबा," वडील म्हणाले. "चार बोटं लांब आहे, एवढंच."

"काठी कुठली?"

वडिलांनी चमचा बशीत ठेवला. "मी नवी कापली."

या वाक्याने बेस्ताचाही हात किटलीवर थबकला. आमच्याकडे फूटपट्टी नव्हती असं नाही, पण तिच्याकडे कोणी बघत नसे. मापकाठी होती. अ‍ॅशच्या लाकडाची एक अरुंद पट्टी आणि तिच्या कडेला खाचा. ही चाकाची, ही आसाची, ही ओढायच्या दांडीची, आणि काठी जिथे संपते तो हौदा. लाकडावर काठी ठेवायची, खाचेशी खूण करायची, कापायचं. आकडा मध्ये येतच नाही. काठी झिजली की आजोबा जुनीवरून नवी कापत आणि जुनी चुलीत घालत. हे काम दुसऱ्या कोणी करायचं नाही, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणावं लागलं नव्हतं.

शिकागोच्या मोठ्या दुकानाने जेव्हा हौद्याची लांबी इंचांत विचारली, तेव्हा वडिलांनी आमच्या गाडीला पहिल्यांदा टेप लावली. आकडा इतका आडनिडा निघाला की त्यांनी पुन्हा मोजलं. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याच फळीतून ते माप नीट बसत नव्हतं. दर फळीमागे एक तुकडा वाया जात होता आणि तो आम्ही इतकी वर्षं मुकाट्याने बॉयलरखाली जाळत आलो होतो. वडिलांनी मला तेव्हा विचारलं होतं, "रग्ना, हे असं का असेल गं?" आणि उत्तरही त्यांनीच दिलं होतं, "जुन्या माणसाचा हट्ट."

आता ते त्या हट्टासमोर बसले होते. "दुकानाचं म्हणणं, गाडीत दोन मुलं बसली पाहिजेत," ते म्हणाले. "आपल्या गाडीत एकच बसतं. पत्र्याच्या गाड्या बघा, दोघं तिघं बसतात. बाबा, ही मागणी आपण घेतली नाही, तर पुढच्या हिवाळ्यात पेटी पेटवायला लाकूड असेल, पण आत वाकवायला काही नसेल. अंगणात बसलेत ना ते सगळे, त्यांना मी काय तंबाखू खुडायला पाठवू?"

आजोबांनी कप पालथा घातला आणि ते आपल्या कामाच्या ओट्याकडे गेले. रंध्याचा आवाज सुरू झाला. आमच्या घरात यालाच नकार म्हणत.

*

कंपनीचा इतिहास मी लिहावा असं ठरलं होतं, कारण मॅडिसनच्या विद्यापीठात शिकलेली घरात मी एकटीच, आणि शिकलेल्या माणसाला कागदाची भीती नसते असा बेस्ताचा समज होता. हाही दुकानाचाच आग्रह. प्रत्येक गाडीबरोबर एक छापील पान जाणार होतं, वर चित्र आणि खाली गोष्ट. लोकांना नुसती गाडी नको असते, गाडीमागचं घर हवं असतं, असं त्यांच्या माणसाने पत्रात लिहिलं होतं.

गोष्ट आमच्या नॉर्डाल गावात सगळ्यांना पाठ होती. मागच्या शतकात नॉर्वेहून आलेल्या माणसांनी या गावात शेतगाड्यांचा एक प्रचंड कारखाना उभा केला होता. नदीकाठी ओक आणि अ‍ॅशच्या लाकडाच्या राशी इतक्या उंच असत, की त्यांच्या सावलीत एप्रिलपर्यंत बर्फ टिके. आजोबा तिथे चाकं करीत. मधल्या तुंब्यात आरे बसवायचे, त्यांवर कडेचे लाकडी पुठ्ठे, आणि शेवटी तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवून वर पाणी ओतायचं. लोखंड आक्रसलं की सगळं चाक एकदा कण्हतं आणि मग जन्मभर गप्प राहतं. मग मोटारी आल्या. कारखाना बंद पडला आणि गावात नुसते हात उरले, ज्यांना चाकाखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

पण त्याआधीच आजोबांनी आपल्या लहानग्यासाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, एक छोटी गाडी केली होती. हुबेहूब शेतगाडी, फक्त मुलाच्या मापाची. ती शेजाऱ्यांनी पाहिली. त्यांच्या मुलांनी रडून घर डोक्यावर घेतलं. दुसरी झाली, तिसरी झाली, आणि तंबाखू वाळवायच्या एका रिकाम्या कोठारावर पाटी लागली, 'ट्वेटेन आणि मुलगा'. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. पुढे मंदीत आम्ही उधारीवर गाड्या दिल्या, युद्धात स्ट्रेचरच्या दांड्या केल्या, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा गाड्या. गावात एक म्हण पडली होती, ट्वेटेनांच्या गाडीत भावंडं मावत नाहीत. एकाने बसायचं, दुसऱ्याने ओढायचं, आणि मग त्यावरून भांडायचं. नॉर्डालमध्ये वाढलेल्या कुठल्याही दोन भावांना विचारा, त्यांचं पहिलं वैर आमच्या गाडीपाशी सुरू झालेलं असतं.

या इतिहासाचा गाभा म्हणजे वडिलांची आठवण. ती त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितली तेव्हा ते उभे राहिले होते, चर्चमध्ये उभे राहतात तसे.

"लिही," ते म्हणाले. "मी चार वर्षांचा. टेकडीवरून खाली येणारा रस्ता, दोन्ही बाजूंना मेपलची झाडं, पानं अशी लाल की डोळे मिटले तरी लाल दिसायचं. बाबांनी मला काखेत धरून उचललं आणि गाडीत ठेवलं. त्यांनी रविवारचा काळा कोट घातला होता. माझ्यासाठी गं, एवढ्याशा पोरासाठी! खाली पांढरं कापड अंथरलेलं होतं, घडी घालून. राजासारखा बसलो मी. ते पुढे ओढत होते, आई मागून येत होती, तिचा हात माझ्या डोक्यावर. कोणी बोलत नव्हतं. फक्त चाकं. त्यानंतर आयुष्यात मला कधी इतकं…" ते थांबले. "ते तू बघ. शब्द तुझे घाल."

मी शब्द घातले नव्हते. ही आठवण मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती, सतरा मेच्या, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाच्या जेवणावळीत, लग्नांत, कामगारांच्या सहलीत, की ती मला माझ्याच आठवणींत कधी कधी सापडे. वडील मितभाषी माणूस. वाफेतून काढलेलं लाकूड साच्यात वाकवताना ते जसे श्वास रोखून धरत, तसेच ते जगत आले होते. एवढी एकच गोष्ट सांगताना त्यांचे खांदे सैल होत. पहिली गाडी आपल्यासाठी केली गेली होती, या एका वाक्यावर त्यांनी आपलं सगळं आयुष्य रचलं होतं. पाटीवरचा 'मुलगा' म्हणजे आपण, याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही, आणि ओझंही वाटलं नाही.

*

दुकानाचा माणूस, मिस्टर प्रेंटिस, दुपारी आला. त्याच्या हसण्याला आमच्या घराची सवय नव्हती. ते भिंतींना धडकत फिरे. आजोबा जेवायला आले नव्हते. प्रेंटिसने बदामाच्या केकचा तिसरा तुकडा घेतला.

"मिसेस ट्वेटेन, या केकसाठी मी शिकागो सोडून इथे राहायला येईन."

"या की," बेस्ता म्हणाली. "तंबाखूच्या हंगामात माणसं कमीच पडतात."

"आणि थोरले साहेब? त्यांना नमुना पसंत पडला ना?"

"त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही," वडील म्हणाले. ते खोटं होतं, आणि आमच्या मापाने मोठंच खोटं होतं.

"मग झालं तर! उद्या फोनवर होकार कळवा, म्हणजे नाताळच्या आधी गाड्या दुकानात. आणि हे बघा," प्रेंटिसने बॅगेतून एक मोठा जाड कागद काढला आणि टेबलावरच्या बशा बाजूला सारल्या. "तुमच्या आठवणीवरून आमच्या चित्रकाराने काढलंय. शब्दन् शब्द तुमचा."

चित्र खरंच सुंदर होतं. उतरता रस्ता, पेटलेली मेपलची झाडं, काळा कोट घातलेला एक उंच माणूस दांडी धरून चाललेला, मागे एक बाई. तांबड्या गाडीत एक गोबरा मुलगा, आणि त्याच्या मागे, त्याच्या कमरेला मिठी मारून, पांढरा झगा घातलेली, दोन वेण्यांची एक मुलगी.

बेस्ताने हात पुसले. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"ही कोण?" तिने विचारलं.

"ही होय? ही कोणी नाही. ही गिऱ्हाईक!" प्रेंटिस मोठ्याने हसला. "घरात मुलगी असली तर तिलाही वाटायला हवं ना, गाडी आपलीपण आहे म्हणून. आणि आता जागा आहे की. चार बोटं!"

"तिला वेण्या नव्हत्या," बेस्ता म्हणाली.

प्रेंटिस गोंधळला. वडिलांनी मान वर केली.

"केस कापले होते. तापात गुंता व्हायचा म्हणून मीच कापले होते."

"काही अडचण नाही," प्रेंटिस म्हणाला आणि त्याने खिशातून पेन्सिल काढून कडेला टिपून ठेवलं. "वेण्या काढून टाकू. आखूड केस. छान दिसेल."

तो निघून गेला तेव्हा त्याची मोटार वळणापर्यंत दिसत होती, आणि वडील तोवर दारातच उभे राहिले. मग ते आत आले आणि दार लावून घेतलं.

"आई, कुणाला वेण्या नव्हत्या?"

"तू बस."

"मी उभाच बरा आहे."

"तुझा बाप तसाच आणि तूही तसाच. खुर्च्या कशाला केल्यात कोण जाणे या घरात." बेस्ता स्वतःही बसली नाही. ती बशा धुवायला लागली, आमच्याकडे पाठ करून. पुढचं सगळं तिने पाण्याला सांगितलं.

"सिग्ने सहा वर्षांची होती."

"माहीत आहे मला. साथीत गेली."

"साथीत गेली, एवढंच तुला माहीत आहे. टेकडीवरच्या दफनभूमीत कशी गेली, ते तू कधी विचारलं नाहीस. त्या ऑक्टोबरात फोस्से, तो अंत्यसंस्कारवाला, स्वतःच अंथरुणात होता. घोडे तबेल्यात उभे आणि जुंपायला माणूस नाही. चर्चमध्ये जमायला बंदी. पाद्री फाटकाशी यायचा तोंडाला फडकं बांधून, दोन ओळी म्हणायचा आणि जायचा. लोक म्हणाले, थांबा, फोस्से उठेल. तुझा बाप हाल्वोर म्हणाला, ती थांबणार नाही." तिने एक बशी नळाखाली धरली आणि तशीच धरून ठेवली. "आधी त्याने तिची पेटी केली. आणि मग पेटी न्यायला गाडी. कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांची. आत पेटी हलू नये म्हणून त्याने बोटभरही जागा जास्त ठेवली नाही. काठीवर खाचा केल्या त्या तेव्हा. आकडे घालायची त्याची छाती झाली नाही."

मी वडिलांकडे बघितलं नाही. टेबलावर ते चित्र तसंच पडलं होतं आणि त्यावर केकचा चुरा सांडला होता.

"तो कोट," वडील म्हणाले.

"तूच तर सांगत फिरतोस, रविवारचा कोट घातला होता म्हणून. चार वर्षांच्या पोराला खेळवायला कुणी रविवारचा कोट घालतं का रे?"

"आणि ते कापड."

"पेटीवरचं होतं. नंतर घडी घालून हौद्यात ठेवलं. दुसरीकडे कुठे ठेवणार?"

वडील मग बसले. खुर्ची त्यांना बरोबर सापडली नाही. ते तिच्या काठावरच टेकले.

"पाद्री गेला," बेस्ता म्हणाली. "हाल्वोर तुला घेऊन खाली फाटकाकडे गेला. मी मागे राहिले. किती वेळ राहिले ते मला सांगता येणार नाही. खाली आले तेव्हा तू गाडीत बसलेला होतास."

"बाबांनी मला बसवलं."

"ते मी पाहिलं नाही."

"त्यांनी उचललं मला, आई. मला त्यांचे हात आठवतात. इथे, काखेत."

"आठवत असतील."

"आठवत असतील म्हणजे काय?"

"म्हणजे मी नव्हते तिथे, आर्ने. मी तुझ्या बहिणीपाशी होते." तिने नळ बंद केला. "तू बसला होतास आणि हाल्वोर दांडी धरून दुसरीकडे बघत होता. मी तुला खाली उतरवायला वाकले, तर तू दोन्ही बाजूंच्या फळ्या घट्ट धरून ठेवल्यास. मग मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. बाकीचं तू सांगतोस ते खरं आहे. पानं लाल होती. कोणी बोलत नव्हतं."

"आणि नंतर?"

"नंतर लोक गाडी मागायला यायला लागले. त्यांच्याकडेही पेट्या होत्या. ती टेकडीवर जायची, परत यायची, आणि परत आली की तू तिच्यात चढून बसायचास. सगळा हिवाळा तू या स्वयंपाकघरात त्या गाडीत जेवलास. वसंतात हाल्वोरने तिला तांबडा रंग दिला. दुसऱ्या कुणाला ती ओळखू येऊ नये म्हणून."

वडिलांनी विचारलं, "इतकी वर्षं का सांगितलं नाहीस?"

बेस्ता वळली. तिचा चेहरा ओला नव्हता, हात मात्र कोपरांपर्यंत ओले होते. "तू फार सुंदर सांगायचास ते. दर वेळी मी ऐकायचे आणि मला वाटायचं, असंच झालं असेल. एका पोरासाठी बापाने गाडी केली. मलाही ती गोष्ट हवी होती, आर्ने. तुझ्या एकट्याचीच नव्हती ती."

*

कामगार घरी गेले होते. कारखान्यात वाफ निवत होती आणि साच्यांत अडकवलेली वाकलेली लाकडं आपापल्या आकाराला हळूहळू कबूल होत होती. पश्चिमेच्या खिडक्यांतून येणारं ऊन जमिनीवरच्या भुशावर लांब पडलं होतं. आजोबा ओट्याशी होते. वडील त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मी दारापाशी थांबले, कारण मला जा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"मी शिकागोला नाही म्हणून कळवतो," वडील म्हणाले.

रंधा चालूच राहिला. एक लांब सलग कुरळी ढलपी निघाली आणि ओट्यावरून खाली लोंबली.

"का?"

"आईने सांगितलं."

"काय सांगितलं?"

"काठीचं."

आजोबांनी फळीवरून अंगठा फिरवला आणि रंधा पुन्हा पुढे ढकलला. मला वाटलं, इथेच सगळं संपणार. पण ते बोलले, फळीकडे बघत बोलले, आणि मी त्यांना एका वेळी इतकं बोलताना त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

"नाही म्हणू नकोस. माणसं आहेत आपल्याकडे. तुला वाटतं मी हट्ट धरून बसलो होतो. हट्ट नव्हता. दरवर्षी म्हणायचो, यंदा लांब कापू. कुणाला काय कळणार आहे? लाकूड ओट्यावर घ्यायचो, आणि हात तिथेच थांबायचा. जितक्या गाड्या केल्या, तितक्या वेळा तीच पेटी केली मी. लोक आपली पोरं तिच्यात बसवून हसायचे. बरं वाटायचं मला. ते हसले की वाटायचं, एक रिकामी झाली." त्यांनी श्वास घेतला. "तू काठी कापलीस ते बरं केलंस. मला जमलं नसतं."

"सकाळी तुम्ही म्हणालात, ही आपली नाही."

"सकाळी हाताला मागची फळी लागली नाही. माणूस घाबरतो."

वडिलांना जे हवं होतं ते मिळालं होतं. दुकानाची मागणी, हिवाळ्याचं काम, अंगणात बसणाऱ्यांची पोटं, आणि बापाचा होकार, ज्यासाठी ते गेले कित्येक आठवडे कुढत होते. ते हलले नाहीत.

"आणि पानावर काय छापायचं?" त्यांनी विचारलं. "रग्ना काय लिहील?"

"मुलांनी खेळायची गाडी आहे ती. त्यांना कशाला सांगायचं? तू सांगतोस तेच लिहू दे."

"मी सांगतो ते खरं आहे का?"

आजोबांनी फळी उलटी केली, डोळ्यांपाशी धरून तिची धार पाहिली, आणि पुन्हा ओट्यावर ठेवली.

"बाबा, मला बाकी काही नको," वडील म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. तो कारखाना चालवणाऱ्या माणसाचा नव्हता, आणि घरात मी ज्याला बाबा म्हणत होते त्याचाही नव्हता. "ती कशासाठी केली होती ते कळलं मला. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही विचारणार नाही. एवढंच सांगा. आई वर होती, पाद्री गेला होता, फाटकाशी आपण दोघंच होतो. गाडी रिकामी होती. तुम्ही मला उचलून तिच्यात ठेवलंत, की मी आपणहून चढलो?"

आजोबांनी रंधा कुशीवर ठेवला, पात्याला ओट्याचं लाकूड लागू नये म्हणून ठेवतात तसा. एप्रनवरचा भुसा झटकला. मग त्यांनी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्या पाहण्यात माया होती की भीती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यांचे ओठ एकदा हलले. वडील किंचित पुढे झुकले.

आजोबांनी खुंटीवरची टोपी काढली, माझ्या बाजूने दारातून बाहेर पडले, आणि अंगण ओलांडून, लाकडाच्या राशींच्या मधल्या वाटेने, मागे न बघता चालत गेले.